नाव कोणत्या यादीत आहे? चेरोकी वंशशोधाचा इतिहास

१/ अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक लोकांनी आपली नोंद पूर्णतः वा अंशतः ‘चेरोकी’ अशी केली. चेरोकींच्या मान्यताप्राप्त राष्ट्रांची नागरिकसंख्या त्या वेळी याहून बरीच कमी होती. या दोन आकड्यांमधील दरीत एक वाक्य सतत ऐकू येते : “आमची पणजी चेरोकी राजकन्या होती.” चेरोकींमध्ये राजा नव्हता, म्हणून राजकन्याही नव्हती. मग ही पणजी आली कोठून? आणि ज्यांची पणजी खरोखर चेरोकी होती, त्यांनी ते कसे सिद्ध करावे?

२/ आधी भूगोल. चेरोकींची मूळ भूमी म्हणजे अपालाचियन पर्वतांचा दक्षिण भाग : आजच्या नॉर्थ कॅरोलायनाचा पश्चिमेकडील प्रदेश, टेनेसीचा पूर्वभाग, उत्तर जॉर्जिया, साउथ कॅरोलायना व अलाबामा यांचे काही भाग. ‘टेनेसी’ हे नावच ‘तनासी’ या चेरोकी गावावरून आले आहे. टकसीजी नदीकाठचे किटुवा हे त्यांचे मातृग्राम. तिथला मातीचा प्राचीन उंचवटा आजही शेतांमध्ये दिसतो.

३/ ‘चेरोकी कोण?’ या प्रश्नाचे जुने उत्तर अगदी सोपे होते : ज्याची आई चेरोकी, तो चेरोकी. समाज सात कुळांत विभागलेला होता. लांडगा, हरीण, पक्षी ही त्यांतील काही. कूळ आईकडून मिळे. वडील स्कॉटिश व्यापारी असला तरी चेरोकी आईचे मूल आईच्याच कुळातले ठरे. रक्ताचे अपूर्णांक मोजण्याची कल्पना या व्यवस्थेत नव्हती.

४/ याचे ठळक उदाहरण म्हणजे जॉन रॉस. रक्ताचा हिशोब मांडला तर हा मनुष्य केवळ एकअष्टमांश चेरोकी होता. तरीही १८२८ पासून १८६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो चेरोकी राष्ट्राचा प्रमुख राहिला. १८२५ मध्ये एका कायद्याने चेरोकी पुरुष व गोऱ्या स्त्रिया यांच्या मुलांनाही नागरिकत्व मिळाले. म्हणजे नियम बदलत होते. पण ते बदलणारे हात चेरोकींचेच होते.

५/ तो काळ विलक्षण होता. सिक्वोया या लिहिता-वाचता न येणाऱ्या कारागिराने १८२१ च्या सुमारास चेरोकी भाषेसाठी अक्षरलिपी सिद्ध केली. १८२७ मध्ये राष्ट्राने लिखित संविधान स्वीकारले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी न्यू इकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फिनिक्स’ हे द्वैभाषिक वृत्तपत्र निघाले. त्याच सुमारास जॉर्जियाच्या डोंगरांत सोने सापडले, आणि चेरोकींच्या जमिनीवर सर्वांची नजर गेली.

६/ १८३० मध्ये काँग्रेसने आदिवासींच्या स्थलांतराचा कायदा केला. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वूस्टर खटल्यात निकाल दिला की जॉर्जियाचे कायदे चेरोकी भूमीवर चालत नाहीत. पण तो अमलात आला नाही. २९ डिसेंबर १८३५ रोजी मूठभर चेरोकींनी, राष्ट्राची संमती नसताना, न्यू इकोटा येथे करार केला आणि पूर्वेकडील सारी भूमी देऊन टाकली. सिनेटमध्ये हा करार आवश्यक दोन-तृतीयांशांपेक्षा केवळ एक मत अधिक मिळून मंजूर झाला.

७/ १८३८ मध्ये जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैनिकांनी माणसांना घरांतून, शेतांतून बाहेर काढले. छावण्यांत आणि पश्चिमेच्या वाटेवर सुमारे ४,००० जण मरण पावले, असा प्रचलित अंदाज आहे. हीच ती अश्रूंची वाट. वंशशोधाच्या दृष्टीने इथे इतिहासाचा रस्ता दुभंगतो : बहुसंख्य पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमात, काहीशे कुटुंबे मागे, पर्वतांत. कोणाचाही पूर्वज शोधताना पहिला प्रश्न हाच, की १८३८ नंतर तो कोणत्या बाजूला होता?

८/ आणि इथूनच याद्यांचा इतिहास सुरू होतो. १८३५ ची हेंडरसन यादी हकालपट्टीच्या तयारीसाठी झाली. तीत फक्त कुटुंबप्रमुखांची नावे आहेत. पण घरात माणसे किती, शेती किती, चेरोकी वा इंग्रजी वाचणारे किती, गुलाम किती, हेही नोंदलेले आहे. होय, गुलामही. संपन्न चेरोकी कुटुंबे कृष्णवर्णीय गुलाम बाळगत. अश्रूंच्या वाटेवर ते गुलामही चालले. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

९/ पूर्वेला राहिलेल्यांची यादी १८४८ मध्ये मुले याने केली. तीत नॉर्थ कॅरोलायनातील सुमारे दीड हजार नावे आहेत. १८५१ ची सायलर यादी व १८५२ ची चॅपमन यादी याच पूर्वेकडील लोकांच्या. पश्चिमेला पोहोचलेल्यांसाठी १८५१ ची ड्रेनन यादी, आणि करारापूर्वीच पश्चिमेला गेलेल्यांसाठी ‘ओल्ड सेटलर्स’ यादी. यांतील बहुतेक याद्या पैसे वाटण्यासाठी झाल्या. वंशावळ जपणे हा त्यांचा हेतू कधीच नव्हता.

१०/ संशोधकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची नोंद १९०६ नंतरची आहे. न्यायालयाने जुन्या करारभंगांपोटी चेरोकींना दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. ती वाटण्याचे काम गायन मिलर या अधिकाऱ्याकडे आले. अट अशी, की अर्जदार १८३५ च्या सुमारास पूर्वेकडे असलेल्या चेरोकींचा वंशज असावा. ४५,००० हून अधिक अर्ज आले. त्यांत सुमारे ९०,००० माणसांचा दावा होता. पात्र ठरले सुमारे ३०,०००. म्हणजे तिघांतील दोघे नाकारले गेले.

११/ तरीही नाकारलेले अर्ज रद्दीत गेले नाहीत, आणि तेच आज उपयोगी पडतात. अर्जदाराला आईवडील, आजीआजोबा, भावंडे, जन्मस्थळ, चेरोकी नाव हे सारे लिहावे लागे. साइझमोर घराण्याच्या वंशजांनी दोन हजारांच्या आसपास अर्ज केले. साक्षी झाल्या, कागद तपासले गेले, आणि निष्कर्ष निघाला की त्यांचा पूर्वज १८३५ च्या चेरोकी समाजात असल्याचा पुरावा नाही. सारेच खोटे बोलत होते असे नव्हे. अनेकांनी घरात ऐकलेली गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली होती. मात्र कौटुंबिक स्मृती आणि ऐतिहासिक पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१२/ त्या पणजीच्या कथेचे मूळही इथेच शोधता येते. काही इतिहासकारांच्या मते, चेरोकींना हाकलून लावल्यानंतरच्या दशकांत दक्षिणेतील गोऱ्या कुटुंबांत अशा कथा वाढू लागल्या. जे लोक आता समोर नव्हते, त्यांचे पराक्रमी रूप आठवणे सोपे होते. शिवाय ‘आम्ही या मातीचेच’ असे म्हणण्याची सोयही त्यात होती. जमीन आधी गेली. नंतर पूर्वजही उसने घेतले गेले.

१३/ आज चेरोकी नेशनचे नागरिकत्व ज्यावर उभे आहे ती डॉझ यादी १८९८ ते १९०७ या काळात मुख्यतः तयार झाली. तिचा हेतू सामुदायिक जमीन मोडून ती व्यक्तींच्या नावे वाटणे हा होता. पाच राष्ट्रांतून अडीच लाखांहून अधिक लोकांनी अर्ज केले. एक लाखाहून थोडे अधिक स्वीकारले गेले. रेडबर्ड स्मिथ या परंपरानिष्ठ नेत्याने नाव नोंदवण्यास नकार दिला, तर त्याला १९०२ मध्ये अटक झाली. राष्ट्र मोडण्यासाठी केलेली यादी आज राष्ट्राचे सदस्य ठरवते, हा या इतिहासातील सर्वांत कडवट विरोधाभास आहे.

१४/ या यादीने आणखी एक जखम केली. १८६६ च्या करारानुसार मुक्त झालेल्या गुलामांना व त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सर्व हक्क मिळाले होते. डॉझ आयोगाने मात्र ‘रक्ताने चेरोकी’ आणि ‘फ्रीडमेन’ अशा वेगळ्या याद्या केल्या. पूर्वजांत चेरोकी असूनही कित्येक कृष्णवर्णीयांची नावे दुसऱ्या यादीत गेली आणि त्यांच्यापुढे रक्तांश लिहिलाच गेला नाही. २००७ मध्ये मतदानाने त्यांचे नागरिकत्व काढण्यात आले. २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने ‘रक्ताने’ हा शब्दच संविधानातून काढला.

१५/ आज मान्यताप्राप्त चेरोकी राष्ट्रे तीन आहेत, आणि तिघांचे नियम वेगळे. तालेक्वा येथील चेरोकी नेशनला रक्तांशाची अट नाही. डॉझ यादीतील पूर्वज पुरेसा असतो. तिची नागरिकसंख्या आता साडेचार लाखांहून अधिक आहे. नॉर्थ कॅरोलायनातील ईस्टर्न बँडला १९२४ च्या बेकर यादीतील पूर्वज आणि किमान एकषोडशांश रक्तांश लागतो. तालेक्वा येथीलच युनायटेड किटुवा बँडमध्ये ही मर्यादा एकचतुर्थांश आहे.

१६/ मग डीएनए चाचणी? ती फार तर खंडाच्या पातळीवर ‘अमेरिकेतील आदिवासी’ असा अंश दाखवते; चेरोकी, क्रीक की चॉक्टॉ, हे सांगत नाही. दूरच्या पूर्वजाचा अंश काही पिढ्यांनंतर दिसेनासाही होऊ शकतो. २०१८ मध्ये सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा चेरोकी नेशनने स्पष्ट आक्षेप घेतला : नागरिकत्व राष्ट्र ठरवते, प्रयोगशाळा नव्हे. पुढच्या वर्षी वॉरन यांनी राष्ट्राची क्षमा मागितली.

१७/ प्रत्यक्ष शोधाची रीत संथ आहे. स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जायचे. जन्म, विवाह, मृत्यू यांचे दाखले गोळा करायचे. १९०० व १९१० च्या जनगणनेत आदिवासींसाठी स्वतंत्र तक्ते आहेत, ते पाहायचे. पूर्वज त्या त्या वर्षी नेमका कोठे राहत होता हे ठरले की मगच यादी उघडायची. प्रसिद्ध चेरोकी नाव निवडून त्याच्याशी आपली साखळी जोडत येणे ही नवख्यांची नेहमीची चूक. आणि यादीत नाव नसणे म्हणजे पूर्वज नव्हताच असे नाही. डॉझ यादीच्या वेळी जे टेक्सास वा कॅलिफोर्नियात गेले होते, त्यांचे वंशज रक्ताने चेरोकी असूनही आज नागरिक होऊ शकत नाहीत.

१८/ कागदांपलीकडे जमीनही साक्ष देते. लिटल टेनेसी नदीकाठची चोटा आणि तनासी ही जुनी गावे १९७९ मध्ये टेलिको धरणाच्या पाण्याखाली गेली. त्याउलट १९९६ मध्ये ईस्टर्न बँडने किटुवाची ३०० एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. स्वतःचे मातृग्राम दाम मोजून परत घ्यावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रेट स्मोकी पर्वतांतील सर्वोच्च शिखराला ‘कुवोही’ हे जुने चेरोकी नाव अधिकृतपणे मिळाले. कुवोही म्हणजे तुतीचे ठिकाण.

१९/ भाषेची स्थिती मात्र चिंतेची आहे. चेरोकी मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे २,००० च उरल्याचा अंदाज असून, २०१९ मध्ये तिन्ही राष्ट्रांनी भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. लाखो माणसे स्वतःला चेरोकी म्हणवतात, आणि त्यांच्यातील एक टक्क्यालाही ती भाषा मातृभाषा म्हणून येत नाही.

२०/ म्हणून चेरोकी वंशशोधात दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. ‘माझा पूर्वज कोण होता?’ याचे उत्तर दफ्तरखान्यात मिळते, कधी मिळतही नाही. ‘मी त्या समाजाचा आहे का?’ याचे उत्तर मात्र तो समाजच देतो. जुन्या व्यवस्थेतही कोणी आपले कूळ स्वतः जाहीर करत नसे. आई ते देई, आणि गाव ते ओळखे.