वेशीबाहेरचे शेत : घरबांधणीच्या इतिहासातील काही धडे

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या सभांतून अलीकडे एक सूचना वारंवार पुढे येते. शहराच्या वेशीवर एखादे शेत विकत घ्यावे, त्याचे भूखंड पाडावेत आणि ज्या बांधवांना स्वतःचे छप्पर नाही त्यांची सोय करावी, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांची कळकळ खरी आहे. दोन खोल्यांत तीन पिढ्या नांदवणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. मुलाचे लग्न ठरले की आनंदाच्या आधी जागेची चिंता घरात शिरते, हा अनुभव अनेकांचा आहे. तथापि शेत सुचवणे सोपे आणि त्यावर वसाहत उभी करणे अवघड. हे कार्य आपल्यापूर्वी पुष्कळांनी केले आहे. त्यांना काय साधले व काय राहून गेले, याचा विचार ठरावाच्या आधी व्हावा, या हेतूने प्रस्तुत लेख आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागातील रोग्यांवर उपचार करीत असता डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहरातून लक्षावधी माणसे पळाली. दाट वस्ती, अंधाऱ्या चाळी व तुंबलेली गटारे ही रोगाची घरे होत, अशी सरकारची समजूत झाली आणि १८९८ च्या कायद्याने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने दोन कामे अंगावर घेतली. पहिले, जुन्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्याचे; दुसरे, शहराच्या उत्तरेस दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील शेतांवर नवी वस्ती वसवण्याचे. या दुसऱ्या कामाच्या योजना १८९९-१९०० च्या सुमारास आखल्या गेल्या.

आज दादर-माटुंग्याच्या सावलीच्या रस्त्यांवरून चालताना तेथे एके काळी भातशेती होती हे खरे वाटत नाही. परंतु कागदावर योजना झाली आणि लगेच घरे उठली, असे मुळीच घडले नाही. जमीन सखल होती. भर घालावी लागली. सांडपाण्याचा निचरा, पाणी, रस्ते व दळणवळण यांची व्यवस्था होईपर्यंत वर्षांमागून वर्षे गेली. या भागाला खरा बहर आला तो १९२० नंतर. म्हणजे शेत ताब्यात येणे आणि शेताचे गाव होणे यांत जवळजवळ एका पिढीचे अंतर पडले. जे बांधव ‘जागा घेतली की दोन वर्षांत वास्तुशांत’ असा हिशेब मांडतात, त्यांनी हे अंतर ध्यानी घ्यावे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. जुन्या वस्तीतून ज्यांच्या खोल्या पाडल्या गेल्या, ते मजूर दादर-माटुंग्यात आले नाहीत. त्यांना कामाजवळ व थोड्या भाड्यात राहणे भाग होते. ते शेजारच्या चाळींत अधिकच दाटीने राहिले. नव्या वसाहतीत आला तो नियमित पगाराचा कारकून, शिक्षक व वकील. ज्याच्या नावाने योजना निघाली त्याच्या पदरी ती पडली नाही. गरजूंच्या नावाने आज जो ठराव आपण करू, त्याचे भूखंड उद्या कोणाच्या हाती जातील, हा प्रश्न म्हणून आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आता सहकाराकडे वळू. १९०४ च्या कायद्याने केवळ पतपेढ्यांना मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही वाट मोकळी झाली. तिचा लाभ प्रथम घेणाऱ्यांत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे होते. त्यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली आणि ट्रस्टच्या गामदेवी येथील जमिनीवर तिची घरे उभी राहिली. आशिया खंडातील ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था समजली जाते. तिची रचना लक्षात घेण्याजोगी होती. इमारत सभासदाच्या नावे नव्हती, ती संस्थेची होती. सभासदाने भाग घ्यावेत, दरमहा भाडे भरावे आणि राहण्याचा हक्क भोगावा. घर नफ्याने विकून मोकळे होण्याची वाट तेथे नव्हती. एका लहान ज्ञातीने, कोणा धनिकाच्या दानावर विसंबून न राहता, मासिक भाड्याच्या शिस्तीवर घरे उभारली. आपल्यासारख्या संस्थांना यांत मोठा धडा आहे.

त्याच १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. शेताच्या बाबतीत तो विशेष उद्बोधक आहे. एखाद्या भागातील वेड्यावाकड्या जमिनी एकत्र मानावयाच्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढावयाच्या, आणि उरलेली जमीन नीटस भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांनाच परत द्यावयाची, अशी ही पद्धत. जमिनीची किंमत वाढे, त्या वाढीचा काही अंश मालकाकडून सुधारणेच्या खर्चासाठी घेतला जाई. पुण्यातील भांबुर्डे, म्हणजे आजचे शिवाजीनगर, अशाच योजनेत आले. तेथील पत्त्यांत आजही ‘फायनल प्लॉट’चा क्रमांक आढळतो, तो या पद्धतीची खूण होय. शेतकऱ्याला पैसे देऊन वाटेला न लावता नव्या वस्तीत भागीदार करून घेण्याची ही रीत होती. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात ही सोय नव्हती. तो कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला आणि २०१३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली, तेव्हा विस्थापितांच्या पुनर्वसनाला कायद्यात स्थान मिळाले.

शेत म्हणजे केवळ सातबाऱ्यावरील गट नव्हे. त्यात कोणी तरी राबत असतो. जुन्या मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा झाला आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मानून कसणाऱ्या कुळास जमिनीचा खरेदीदार समजण्यात आले. त्याच कायद्याने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यावर निर्बंध घातले. शेतीचा वापर बदलण्यासंबंधीचे नियम १९६६ च्या महसूल संहितेत आले आणि त्यांत वेळोवेळी फेरफार होत गेले. सबब कोणाच्या तोंडच्या माहितीवर न विसंबता जमिनीचे जुने फेरफार, कुळाची नोंद व आजचा नियम यांची कचेरीत खातरजमा करूनच पाऊल टाकावे. स्वस्त जमिनीच्या मोहाने सभासदांची आयुष्यभराची शिल्लक वादात अडकली, तर ते पाप संस्थेच्या माथी बसेल.

शेवटी सर्वांत नाजूक प्रश्न. वसाहत आपल्या ज्ञातीपुरतीच असावी काय? दादरच्या पारशी कॉलनीसाठी ट्रस्टमधील अभियंता मंचेरजी जोशी यांनी आपल्या समाजाकरिता भूखंड राखून घेतले आणि ती वसाहत नमुनेदार झाली. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सभासदत्व समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. कायद्याचा आधार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कायदा अनुमती देतो तेवढ्यावरून गोष्ट उचित ठरत नाही. त्याच दादरच्या हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या ग्रंथांसाठी ‘राजगृह’ बांधले. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाच्या आत घर नव्हते, त्यांचे हे घर आज त्या साऱ्या वसाहतीचे भूषण आहे. तेथील दार बंद असते, तर उणेपण कोणाला आले असते, याचा विचार आपण करावा.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला ही धरणे फुटली आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले, तेव्हा त्याने कोणाची जात विचारली नाही. पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती शहराच्या त्या वेळच्या कडेला उठल्या. निरनिराळ्या पेठांतील कुटुंबे तेथे शेजारी झाली, आणि ज्यांचे सर्वस्व वाहून गेले होते त्यांनी तेथे पुन्हा संसार मांडले.

आमच्या अल्पमतीप्रमाणे संस्थेने पुढीलप्रमाणे ठरवावे. जमीन घेतल्यास, जो तेथे राबतो त्यास केवळ मोबदला न देता त्याच वसाहतीत एक भूखंड द्यावा. पाणी व निचऱ्याची लेखी हमी मिळाल्यावाचून सभासदांकडून अनामत घेऊ नये. भूखंडांचा पहिला हक्क ज्याला एकही घर नाही त्याचा असावा, आणि काही वर्षे विक्रीस बंदी असावी. ज्ञातिनिधीतून आपल्या गरजू कुटुंबांस बिनव्याजी उसनवार द्यावी. ते आपले कर्तव्यच आहे. मात्र सभासदत्वाचे दार सर्वांस मोकळे ठेवावे.

ही सूचना सर्वांस रुचेल असा आमचा समज नाही. आपल्यातील कित्येक वडीलधाऱ्यांनी ‘आपली माणसे एकत्र राहावीत’ हे स्वप्न उराशी जपले आहे, आणि त्यांच्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ज्या शेतात आपण घर बांधू पाहतो, ते आज कोणाचे तरी घर चालवीत आहे. येत्या सभेत ठराव मांडला जाईल, तेव्हा त्याच्या पहिल्या ओळीत जमिनीच्या क्षेत्रफळाआधी त्या कसणाऱ्याचे नाव यावे, एवढीच आमची सर्व ज्ञातिबंधुभगिनींना नम्र विनंती आहे.