पऱ्हाटीचं काय करायचं?

माघ-फाल्गुनात विदर्भातल्या किंवा निमाडातल्या कुठल्याही रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंना एकच चित्र दिसतं. कपाशीची शेवटची वेचणी होऊन गेलेली असते. काळ्या, भेगाळलेल्या रानात कमरेएवढी, छातीएवढी वाळकी पऱ्हाटी उभी असते आणि फांद्यांना बोंडांची रिकामी टरफलं लटकत असतात. थोडी पऱ्हाटी मोळ्या बांधून चुलीसाठी घरी जाते, थोडी कुंपणाला आणि कुडाच्या भिंतीला. उरलेली बांधाला ढीग घालून पेटवून देतात. रुई गाठीत गेली, सरकी तेलाच्या गिरणीत गेली. ज्या झाडानं पाच-सहा महिने जमिनीतून ओढून घेतलं, त्या झाडाची एका संध्याकाळी राख होते. आपल्या देशात दरवर्षी अडीच ते तीन कोटी टन पऱ्हाटी निघते.

कापडाच्या धाग्यापायी माती, पाणी आणि माणूस यांच्यावर किती भार पडतो, याचा हिशेब आज विद्यापीठं, कापडाचे व्यापारी आणि शेतकऱ्यांच्या संस्था एकत्र बसून मांडतात. हे काम नव्या काळाचं वाटतं. पण याचा एक फार जुना आणि मोलाचा धडा शंभर वर्षांपूर्वी इंदुरात, होळकरांच्या राज्यात गिरवला गेला होता, आणि त्याचा खर्च कापसानंच उचलला होता.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कापसाचा प्रश्न सरकारच्या गळ्याशी आला. हिंदुस्थानात कापूस भरपूर पिके, पण बहुतेक आखूड धाग्याचा. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा होता आणि त्यासाठी त्या अमेरिकेवर अवलंबून होत्या. १९१७ मध्ये जेम्स मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली कापूस समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी उभी राहिली. गिरणीमालक, व्यापारी, शेतीखात्याचे अधिकारी आणि कापूस पिकवणारे यांना एका टेबलाशी बसवणारी ही मध्यवर्ती समिती होती. १९२३ च्या कायद्यानं कापसाच्या गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसला आणि तो पैसा संशोधनाकडे वळला.

त्या पैशातून १९२४ मध्ये दोन ठिकाणी काम उभं राहिलं. मुंबईत माटुंग्याला ३ डिसेंबर १९२४ रोजी कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा सुरू झाली, ए. जेम्स टर्नर तिचे पहिले संचालक. देशभरच्या शेतीखात्यांकडून नव्या वाणांचे नमुने तिथं येत. धाग्याची लांबी, बारीकपणा, ताकद मोजली जाई, थोडासा कापूस प्रत्यक्ष कातून पाहिला जाई आणि या वाणाचं सूत किती नंबरापर्यंत जाईल याचा निवाडा दिला जाई. दुसरं ठिकाण इंदूर. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन दिली, मध्य भारतातल्या इतर काही संस्थानांनी हातभार लावला आणि इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. माटुंग्यात धाग्याकडे बघायचं, इंदुरात झाडाकडे, अशी ती वाटणी होती.

इंदूरचे संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून ते बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गव्हाच्या त्यांच्या वाणांनी नाव कमावलं होतं. या सगळ्या कामात त्यांच्या पत्नी गॅब्रिएल बरोबरीनं होत्या; केंब्रिजमध्ये प्रकाशसंश्लेषणावर मूलभूत काम करून आलेल्या त्या शास्त्रज्ञ होत्या. पुसाला हॉवर्डना एक गोष्ट सतत खटकत राहिली. बियाण्याचा एक विभाग, किडीचा दुसरा, बुरशीचा तिसरा, मातीचा चौथा. पीक मात्र शेतात एकच उभं. या भिंती नसलेली संस्था त्यांना हवी होती. आजूबाजूचे शेतकरी आणि पिकांवरच्या किडी हे आपले खरे गुरुजन, असं ते सांगत, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं.

इंदुरात आल्यावर त्यांनी माळव्याच्या काळ्या रानातली कपाशी बारकाईनं पाहिली. पावसाळ्यात ही जमीन चिकट होऊन हवा कोंडते, मुळं गुदमरतात. पाऊस सरला की ती भेगाळते. नुसतं नवं बियाणं आणून इथं भागणार नव्हतं. साचलेल्या पाण्याला वाट हवी होती आणि मातीत सेंद्रिय अंश, म्हणजे ह्यूमस, हवा होता. शेणखत पुरेसं नव्हतं, कारण शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. मग ह्यूमस आणायचा कुठून? उत्तर शेतातच उभं होतं: पऱ्हाटी, तुऱ्हाटी, उसाचं पाचट, भुईमुगाची टरफलं, तण, ताग. चिनी शेतकरी शतकानुशतकं असला कचरा कुजवून जमिनीला परत देतात, हे अमेरिकेच्या एफ. एच. किंग यांच्या १९११ च्या पुस्तकात हॉवर्ड यांनी वाचलं होतं.

अडचण होती ती पऱ्हाटीच्या लाकडाची. ती लवकर कुजत नाही. यावर इंदुरात काढलेला उपाय इतका साधा आहे की आजही वाचताना आनंद होतो. पऱ्हाटी शेताच्या रस्त्यांवर अंथरायची. बैलगाड्यांची चाकं आणि जनावरांचे खूर तिच्यावरून जात-येत राहायचे आणि काही दिवसांत तिचा भुगा व्हायचा. हा चुरा इतर काडीकचऱ्याबरोबर रात्री गोठ्यात बैलांच्या अंगाखाली पसरायचा. सकाळी शेण आणि मूत्रानं भिजलेलं ते अंथरूण उचलून खड्ड्यात न्यायचं. गोठ्याची जमीनही मुद्दाम मातीची ठेवलेली असे. मूत्र मुरलेली ती माती खणून काढायची, खड्ड्यात घालायची आणि तिथं नवी माती भरायची. त्यावर चुलीतली राख, जुन्या ढिगातलं थोडं विरजण आणि पाणी.

खड्डा सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि जेमतेम दोन-तीन फूट खोल. त्याहून खोल केला तर तळापर्यंत हवा पोचत नाही. भरल्यावर एक-दोन दिवसांत आत ऊब चढू लागे आणि तापमान ६५ अंशांच्या आसपास जाई. आधी बुरशी, पांढऱ्या जाळ्यासारखी, लाकडाचा कठीण भाग फोडून काढी. मग जिवाणू कामाला लागत. तीन महिन्यांत तीनदा उलथापालथ केली की हाती येई काळं, भुसभुशीत, मातीसारख्या वासाचं खत. यंत्र नाही, विकत आणलेलं रसायन नाही. लागत होते ते बैल, गाडी, फावडं, आणि कुठल्या दिवशी काय करायचं याची शिस्त.

ही शिस्त प्रयोगशाळेत तावूनसुलाखून घेतली यशवंत वाड यांनी. ते संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ होते. कर्ब आणि नत्राचं प्रमाण किती असावं, कुजताना नत्र हवेत उडून जातं की राहतं, ओल किती हवी, हे सगळं मोजून लिहून काढणं हे मोठं काम होतं. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं शेतीतल्या टाकाऊ मालापासून ह्यूमस करण्याविषयीचं पुस्तक काढलं, त्यावर लेखक म्हणून दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. पुढं जगभर हॉवर्ड यांचाच जयजयकार झाला. सेंद्रिय शेतीच्या आपल्याकडच्या शिबिरांतही त्यांचंच नाव निघतं. वाडांचं नाव तितक्याच आदरानं घेतलं गेलं पाहिजे, कारण अनुभवाचं शास्त्र त्यांच्या मोजमापानं झालं.

गॅब्रिएल १९३० मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. पण इंदूरची पद्धत थांबली नाही. केनियातले कॉफीचे मळे, आसाम आणि सिलोनमधले चहाचे मळे, सगळीकडे ‘इंदूर’ हा शब्द खताच्या खड्ड्याचं नाव बनून गेला. वाड आणि नवे संचालक एफ. के. जॅक्सन यांनी १९३४ मध्ये गावातल्या केरकचऱ्याचं खत करण्याची रीत लिहून काढली. स्वच्छतेसाठी आज नावाजलेल्या इंदुराची ही जुनी ओळख आहे. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरात आलेल्या गांधीजींनी ही संस्था पाहिली आणि या खताची माहिती ‘हरिजन’च्या वाचकांपर्यंत पोचवली. इंग्लंडमध्ये १९४६ साली निघालेली सॉइल असोसिएशन आणि अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं सेंद्रिय बागकामाचं मासिक, दोन्हींमागे हॉवर्ड यांच्या लेखनाची प्रेरणा होती. जगातल्या सेंद्रिय चळवळीचं एक मूळ असं कापसाच्या उपकरात आहे.

खुद्द कापूस मात्र दुसऱ्याच वाटेनं गेला. लांब धागा आणि जास्त उतारा, या दोन गोष्टींवर सगळं लक्ष राहिलं. १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी तयार केलेला ‘एच-४’ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. उतारा वाढला, देशाची लांब धाग्याची गरज भागली. हे यश खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या वाणांना खत आणि पाणी जास्त लागे, आणि कीडही जास्त पडे. १९९० च्या दशकात कपाशीखाली देशातली पाचेक टक्के शेतजमीन होती आणि कीटकनाशकांचा निम्म्याच्या घरातला वापर तिच्यावर होत होता. २००२ मध्ये बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आला, फवारणी काही वर्षं घटली, मग गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी धाग्याची खरी किंमत महाराष्ट्रानं पाहिली.

इंदूरहून दक्षिणेला घाट उतरलं की निमाड लागतं. अहिल्याबाईंचं महेश्वर नर्मदेच्या अलीकडे, कसरावद पलीकडे. या भागात १९९१ पासून एक स्विस सूतव्यापारी कंपनी आणि स्थानिक सूतगिरणी यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सेंद्रिय कापूस सुरू केला. ‘बायोरे’ हे त्याचं नाव. विक्री होत होती, पण खरा प्रश्न लोंबकळत होता: सेंद्रिय कापूस शेतकऱ्याला परवडतो का? म्हणून स्वित्झर्लंडच्या फिबल या सेंद्रिय शेती संशोधन संस्थेनं बायोरेच्या साथीनं २००७ पासून कसरावदला काळ्या जमिनीत दीर्घकालीन प्रयोग लावला. कापूस, सोयाबीन आणि गहू यांची फेरपालट चार पद्धतींनी: सेंद्रिय, बायोडायनॅमिक, रासायनिक, आणि बीटी बियाणं वापरून रासायनिक.

२०१३ मध्ये छापून आलेले पहिल्या चार वर्षांचे आकडे कुठल्याच बाजूला पूर्ण खूश करत नाहीत, आणि म्हणूनच ते विश्वासाचे वाटतात. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापसाचं उत्पादन २९ टक्क्यांनी कमी होतं. पुढच्या दोन वर्षांत फरक मिटला, पण तो रासायनिक शेताचा उतारा घसरल्यामुळे. पैशाच्या हिशेबात सगळी पिकं मिळून पहिल्या फेरीत रासायनिक शेती २९ टक्क्यांनी पुढं होती. दुसऱ्या फेरीत खर्च कमी असल्यानं सेंद्रिय शेती २५ टक्क्यांनी पुढं गेली. म्हणजे प्रश्न सगळा पहिल्या दोन-तीन वर्षांचा आहे. ती तूट दोन-चार एकरांचा धनी एकटा सोसू शकत नाही. स्वच्छ धागा हवा असणाऱ्या खरेदीदारानं ती वाटून घेतली पाहिजे.

बियाण्याचा पेच वेगळाच होता. सेंद्रिय शेतीत बीटी बियाणं चालत नाही, आणि बीटीच्या लाटेत बिगर-बीटी सरकी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा फिबल, बायोरे, धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठ आणि ग्वाल्हेरच्या कृषी विद्यापीठाचं खंडवा केंद्र यांनी शेतकऱ्यांना निवडीत सामील करून देशी कपाशीचे नवे वाण घडवायला घेतले. याच ग्वाल्हेरच्या विद्यापीठाकडे आज इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे, आणि ते हॉवर्ड-वाडांच्या जुन्या जागेवर उभं आहे.

माटुंग्याची प्रयोगशाळा १९६६ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली, १९९१ पासून तिला ‘सिरकॉट’ म्हणतात. धागा मोजणाऱ्या या संस्थेनंही शेवटी पऱ्हाटीला हात घातला. आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीच्या साथीनं पऱ्हाटीपासून फळ्या करण्याचा प्रकल्प झाला, नागपूरला प्रायोगिक यंत्रं बसली. फळीसाठी विकली गेलेली पऱ्हाटी शेतकऱ्याला चार पैसे देते, पण मातीला काही परत मिळत नाही.

गुलाबी बोंडअळीमुळे हा प्रश्न आता दरवर्षी दारात येतो. फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर कपाशी पुढं राखू नका, पऱ्हाटी उभी ठेवू नका, असं कृषी खातं हिवाळ्यात गावोगाव सांगतं, कारण अळी उरलेल्या बोंडांत दडून बसते. बांधावर पेटवण्याऐवजी ट्रॅक्टरला श्रेडर जोडून पऱ्हाटीचा भुगा करा आणि तो कुजवा, असाही सल्ला मिळतो. इंदुरात हे काम बैलगाडीची चाकं करत होती. ज्या गावात श्रेडर भाड्यानं मिळतो, तिथं जानेवारीत त्याची घरघर ऐकू येते. जिथं मिळत नाही, तिथं पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचले जातात आणि अंधार पडल्यावर पेटतात.