तळकर, राजपूरकर आणि हिब्रूची परीक्षा

रायगड किनाऱ्यावरील गावांची नावे ज्यांनी आडनावांच्या रूपाने जपली, त्यांत बेने इस्राएल समाज अग्रभागी आहे. किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, अष्टमीचे अष्टमकर, तसेच तळ्याचे तळकर. तळगडाच्या पायथ्याचे हे गाव राजपुरीच्या खाडीपासून दूर नाही, आणि त्या राजपुरीचे नाव लावणारे राजपूरकर या लेखात पुढे भेटणार आहेत. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ह्या लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज, त्यातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया ही त्यांची उत्पत्तिकथा. धर्मग्रंथ समुद्रात गेले, सुंता, शब्बाथ, आहाराचे नियम आणि ‘शेमा यिस्राएल’ ही एकच प्रार्थना तेवढी उरली, असे ही परंपरा सांगते.

अशा समाजाला हिब्रू भाषा परत कशी मिळाली, हा प्रश्न आपणा ख्रिस्ती वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा असावयास हवा, कारण त्या कथेत ख्रिस्ती माणसांचा मोठा वाटा आहे. तो वाटा सरळ मात्र नाही.

युरोपातील विद्यापीठांत हिब्रू शिकविण्याचा पहिला मोठा आदेश कॅथोलिक ख्रिस्तसभेने दिलेला आहे. व्हिएन येथे 1311-12 मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या, सालामांका आणि पोप महोदयांचा दरबार अशा पाच ठिकाणी हिब्रू, अरबी आणि खाल्डी भाषांचे अध्यापक नेमावेत, असे ठरविले. त्यापूर्वी शतकभराच्या आतच, 1242 मध्ये, पॅरिसमध्ये तालमुदच्या हस्तलिखितांची गाड्याच्या गाड्या भरून होळी झाली होती. आधी ग्रंथ जाळावयाचे आणि मग त्यांची भाषा शिकण्यासाठी अध्यासन काढावयाचे, हा विरोधाभास वाटतो खरा, परंतु दोन्हींमागचा हेतू एकच होता: ज्यूंना त्यांच्याच भाषेत निरुत्तर करून ख्रिस्ती करून घेणे. बेथलेहेमात एका ज्यू गुरूपाशी नम्रपणे हिब्रू शिकणाऱ्या संत जेरोमची परंपरा येथे बाजूला पडली, असे मला वाटते.

हाच हेतू पाचशे वर्षांनी मुंबईच्या बंदरात उतरला, या वेळी प्रॉटेस्टंट वेषात. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईस आले. 1832 मध्ये त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत मांडणारे पुस्तक खास बेने इस्राएल लोकांसाठी प्रसिद्ध केले. महाराष्ट्रातील एका लहानशा समाजाला, त्याची विसरलेली धर्मभाषा, त्याच्या बोलीभाषेतून, एका परदेशी पाद्र्याने शिकविण्याचा घाट घातला, ही घटना साधी नव्हे. विल्सन यांना अपेक्षित असलेले फळ धर्मांतराचे होते. ते फळ जवळजवळ आलेच नाही. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते मोजके. बाकीच्यांनी व्याकरण आत्मसात केले, मिशनच्या शाळांत शिक्षक म्हणून नोकऱ्याही केल्या, आणि मिळालेली भाषा घेऊन ते सिनगॉगकडे वळले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी त्यांना उपासनाविधी शिकविले होते, आता त्या विधींतील शब्दांचा अर्थ कळू लागला. पुढच्या पिढीतील बेने इस्राएल लेखकांनी मिशनऱ्यांचे हे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. कटुता नाही, पण शरणागतीही नाही.

वल्हांडणाच्या रात्री घरोघरी वाचला जाणारा ‘हग्गादा’ 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाला. 1874 मध्ये पुण्यास निघालेल्या सचित्र हग्गादात बेखमीर भाकरी करणाऱ्या आपल्या पेहरावातील स्त्रिया आहेत. 1880 च्या सुमारास तर अब्राहामादी कुलपतींची आख्याने कीर्तनाच्या थाटात रंगू लागली. कीर्तनकार महाराष्ट्रीय, विषय इस्राएलचा, श्रोते दोन्ही अर्थांनी घरचे!

या साऱ्या धडपडीला विद्यापीठाची मुद्रा लाभली ती जोसेफ इझिकेल राजपूरकर यांच्यामुळे. 1834 मध्ये मुंबईत जन्मलेले राजपूरकर मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे डेव्हिड ससून बेनिव्होलंट इन्स्टिट्यूशनचे सुमारे चाळीस वर्षे मुख्याध्यापक होते. ही शाळा बगदादी ज्यूंची. बगदादी मंडळी बेने इस्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका घेत, आणि त्यांचीच मुले मात्र हिब्रू शिकत होती ती एका बेने इस्राएल गुरुजींपाशी. 1871 मध्ये मुंबई विद्यापीठाने राजपूरकरांना हिब्रूचे परीक्षक नेमले, पुढे ते विद्यापीठाचे फेलोही झाले. ज्यू प्रार्थनाविधींचा फार मोठा भाग त्यांनी मराठीत आणला. 1857 मध्ये स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात संस्कृत, लॅटिन, फारसी यांच्या पंक्तीत हिब्रूचीही उत्तरपत्रिका लिहिली जात होती आणि ती तपासणारा माणूस कोकणी गावाचे नाव लावणारा होता, ही गोष्ट आज फारशा कोणाला ठाऊक नाही. आणखी एक मौज: मराठीतून हिब्रू शिकविणारे विल्सन याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते.

राजपूरकरांचे समकालीन हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून 1897 मध्ये पूर्ण केला, पण तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीव येथे, लेखकाच्या पश्चात. इतिहास लिहिणे ही तेव्हा हौस वाटली असेल. 1962 मध्ये इस्राएलमध्ये मुख्य रब्बींच्या निर्देशामुळे बेने इस्राएल तरुण-तरुणींच्या विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली, तेव्हा त्या इतिहासाची किंमत कळली. 1964 मध्ये तेथील संसदेने, क्नेसेटने, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर हा वाद शमला. तळ्याच्या तेल्याचा नातू कोणाशी लग्न करू शकतो, हे इतिहास आणि धर्मशास्त्र यांच्या वाचनावर अवलंबून होते.

आपल्या ख्रिस्ती समाजातही हिब्रूचे एक मोठे मराठी नाव आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. काम संपले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, हे खरे. तथापि त्यांच्याइतके कष्ट मराठी कॅथोलिकांपैकी कोणी या भाषेसाठी उपसल्याचे मला आठवत नाही.

वास्तविक आपण हिब्रू रोज बोलतो. ‘आमेन’ या शब्दाच्या धातूचा अर्थ स्थिर, भरवशाचे असणे. श्रद्धेला हिब्रूत ‘एमूना’ म्हणतात, तो याच धातूचा शब्द. ‘हालेलुया’ म्हणजे ‘याहची स्तुती करा’. झावळ्यांच्या रविवारी आपण ‘होसान्ना’ गातो; मूळ रूप ‘होशीआ-ना’, म्हणजे ‘तार ना!’ त्यातला ‘ना’ विनवणीचा आहे, अगदी आपल्या ‘ये ना’तल्यासारखा. हा निव्वळ योगायोग, पण मराठी कानाला गोड वाटणारा. आणि ‘तारणे’ या अर्थाच्या त्याच धातूपासून येशूचे नाव आले आहे.

पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात बायबलच्या अभ्यासासाठी हिब्रू शिकविली जाते, आणि भावी धर्मगुरूंना ती उपयोगीही पडते. परंतु बायबलची हिब्रू म्हणजे ज्यू धर्म नव्हे. आपल्या धर्मशिक्षणातील ज्यू माणूस बहुधा इ. स. 70 मध्ये, जेरुसलेमच्या मंदिराबरोबर, नाहीसा होतो. त्यानंतरचा मिश्ना, तालमुद, मायमोनिदीस, स्पेनमधून 1492 मध्ये झालेली हकालपट्टी हे सारे आपल्या दृष्टीआड राहते. आपल्याच भूमीवरचे प्रकरणही त्यातच. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. भारतीय औषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा ख्रिस्ती करून घेतलेल्या ज्यू घराण्यातला. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. रेवदंड्याचा किल्ला तेव्हा त्याच पोर्तुगीज सत्तेकडे होता. हे पान वगळून आपल्याला ज्यू इतिहास वाचता येणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र दिले आणि व्हिएनच्या हेतूची दिशा फिरविली. 1974 च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की ज्यू लोक आपल्या धर्मानुभवाच्या प्रकाशात स्वतःला कसे ओळखतात, ते ख्रिस्ती माणसाने शिकून घ्यावे. म्हणजे शिकविण्याची जागा सोडून शिकण्याच्या जागी बसावे. मराठी ख्रिस्ती विद्यार्थ्याला हे जितके सोपे आहे तितके जगात फार थोड्यांना असेल, कारण शिकविणारे ग्रंथ त्याच्या मातृभाषेत आहेत.

माणसे मात्र विरळ झाली. 1948 च्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज बहुतांशी इस्राएलला गेला. तेथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. येथे मागे राहिल्या त्या कोकणातील दफनभूमी, जिथल्या शिळांवर वर हिब्रू आणि खाली मराठी कोरलेले आढळते. ज्या तरुणाला किंवा तरुणीला हा अभ्यास करावासा वाटेल, त्याने परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधी अशा एखाद्या दफनभूमीत वही घेऊन जावे. हिब्रूची बावीस अक्षरे आधी शिकावीत. तीच अक्षरे अंक म्हणूनही वापरतात. शिळेवरील हिब्रू वर्षातून 3760 वजा केले की इसवी सन मिळतो, शरदातल्या नववर्षानंतरच्या महिन्यांना एकाचा फरक पडतो. मग खालच्या मराठी ओळीशी तो ताडून पाहावा, आणि आडनाव वाचून गाव ओळखावे.