सेटिंग करूनही स्क्रीन बंद होत नाही? मॉनिटर का ऐकत नाही, समजून घ्या

समजा, जळगाव किंवा धुळ्यात एक ऑनलाइन सेवा केंद्र आहे. रात्री ८ वाजता शटर खाली येतं, पण आतले पाच मॉनिटर सकाळी ९ पर्यंत सुरूच राहतात. सेटिंगमध्ये '१० मिनिटांनी स्क्रीन बंद' निवडलेलं असूनही!

२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट वीज घेतो. म्हणजे पाच मॉनिटर १३ तासांत १.३ युनिट आणि महिन्याला ३९ युनिट वाया घालवतात. महावितरणच्या बिलावरच्या दराने गुणा, नुकसान लगेच कळेल. साक्री तालुक्यात सौर प्रकल्प आहे, पण रात्री त्याचा उपयोग नाही. रात्रीच्या विजेसाठी भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या केंद्रांमध्ये कोळसा जाळावा लागतो.

स्क्रीन बंद कशी होते?

माऊस आणि कीबोर्ड किती वेळ शांत आहेत, हे विंडोज मोजतं. वेळ संपली की मॉनिटरकडे जाणारा सिग्नल थांबतो. सिग्नल नाही हे ओळखून मॉनिटर झोपी जातो आणि त्याच्या लहान दिव्याचा रंग बदलतो किंवा तो लुकलुकू लागतो. मॉनिटर आणि संगणक यांच्यातल्या या 'बोलण्याचं' मानक व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये ठरवलं.

म्हणजे बिघाड संगणकात असू शकतो किंवा मॉनिटरमध्ये. आधी तेच शोधायचं.

पाच मिनिटांची चाचणी

सगळे प्रोग्रॅम बंद करा. सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथे जाऊन स्क्रीन बंद होण्याची वेळ १ मिनिट ठेवा. माऊस, प्रिंटर, पेनड्राइव्ह काढा आणि थांबा. काय होतं त्यावरून कारण कळेल.

१. स्क्रीन आता बंद झाली

दोष काढलेल्या किंवा बंद केलेल्या एखाद्या गोष्टीत आहे. एकेक वस्तू परत जोडून पाहा. अनेकदा दोषी माऊस निघतो. पंखा किंवा प्रिंटरमुळे टेबल हललं, सेन्सरवर धूळ बसली, तरी संगणकाला माणूस काम करतोय असं वाटतं. माऊस उलटा ठेवून खात्री करा.

२. तरीही बंद होत नाही

एखादा प्रोग्रॅम स्क्रीन रोखून धरतोय. ब्राउझरमधला व्हिडिओ किंवा सुरू राहिलेली ऑनलाइन मीटिंग हे नेहमीचे दोषी. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. त्यात पॉवर-सीएफजी हा एकच शब्द, मग एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला जोडून रिक्वेस्ट्स, असं इंग्रजीत टाइप करा. 'डिस्प्ले' या मथळ्याखाली ज्याचं नाव दिसेल, तो प्रोग्रॅम बंद करा.

स्क्रीनसेव्हर लावला असेल तर तोही काढा. हलती चित्रं दिसतात तेव्हा मॉनिटर पूर्ण वीज घेतच असतो.

३. बंद होते, पण लगेच उजळते

डिस्प्लेपोर्ट केबल असेल तर काही मॉनिटर झोपताना संगणकापासून तुटतात. संगणकाला केबल काढून परत लावल्यासारखं वाटतं आणि तो स्क्रीन जागी करतो. मॉनिटरच्या मेन्यूमध्ये 'डीप स्लीप' आणि 'ऑटो इनपुट' बंद करून पाहा. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. एचडीएमआय केबल लावूनही फरक कळतो.

४. 'नो सिग्नल' असं लिहिलेलं दिसत राहतं

इथे संगणकाचं काम बरोबर आहे, मॉनिटर झोपत नाहीये. मॉनिटर म्हणून टीव्ही वापरला तर हे जास्त घडतं. टीव्हीच्या मेन्यूमध्ये सिग्नल नसताना आपोआप बंद होण्याचा पर्याय शोधा.

ऑफिस किंवा कॉलेजचा संगणक असेल तर?

काही सेटिंग्ज संस्थेच्या ताब्यात असल्याची सूचना दिसत असेल, तर तुमचा बदल टिकणार नाही. तिथल्या संगणक विभागालाच सांगावं लागेल.

रात्री काय करावं?

स्क्रीन बंद होण्याचं सेटिंग चहा-जेवणाच्या सुट्टीसाठी आहे. स्क्रीन काळी झाली तरी सीपीयू सुरूच असतो आणि तो अनेकदा मॉनिटरपेक्षा जास्त वीज घेतो. म्हणून शटर ओढण्याआधी संगणक शटडाऊन करा आणि मगच बोर्डवरचं बटण बंद करा.