विलग जाळे : सौदी तेलउद्योगाचा धडा आणि घरातील स्मार्ट उपकरणे

१५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजान महिना संपत आला असताना, सौदी आरामको या तेल कंपनीच्या सुमारे ३०,००० संगणकांवर ‘शमून’ नावाच्या व्हायरसने हल्ला केला. संगणकांतील माहिती पुसली गेली आणि कंपनीचा कार्यालयीन व्यवहार कित्येक दिवस विस्कळीत झाला. तेलाचा प्रवाह मात्र थांबला नाही. तेलसाठ्यांचा शोध आणि उत्पादन यांच्या मुख्य यंत्रणा विलग जाळ्यावर चालत असल्याने त्यांना झळ पोहोचली नाही, असे कंपनीने त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर केले.

घरातील स्मार्ट उपकरणांनाही हाच न्याय लावता येतो. जुबैल, दम्माम, अल खोबर, रियाध किंवा जेद्दा येथील मराठी कुटुंबांच्या घरांत मोबाइलवरून चालणारे दिवे, वातानुकूलन यंत्रे, दाराची कुलुपे आणि कॅमेरे आता नवलाचे राहिलेले नाहीत. ही उपकरणे इंटरनेटपासून अलग ठेवूनही चालवता येतात. त्यासाठी काय करावे लागते, त्यातून काय साधते आणि कशावर पाणी सोडावे लागते, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

विलग जाळे म्हणजे काय

बाजारात मिळणाऱ्या अनेक स्मार्ट उपकरणांत मोबाइलवरून दिलेली आज्ञा थेट उपकरणाकडे जात नाही. ती आधी उत्पादकाच्या, बहुधा परदेशातील, सर्व्हरवर जाते आणि तेथून परत घरी येते. एका खोलीतून शेजारच्या खोलीतला दिवा लावतानाही ही प्रदक्षिणा घडते. विलग जाळ्यात हा फेरा टळतो. मोबाइल, राउटर, घरातलाच एक लहान नियंत्रक संगणक आणि उपकरण, एवढ्यातच सारा व्यवहार पूर्ण होतो.

विलगतेचे दोन प्रकार आहेत. पूर्ण विलगतेत उपकरणांच्या जाळ्याचा बाहेरच्या जगाशी कोणताही संबंध नसतो. त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुसरा साधा राउटर घेणे आणि त्याच्या इंटरनेटच्या खाचेत तार न लावणे. अंशतः विलगतेत एकाच राउटरवर दोन आभासी जाळी केली जातात. एक माणसांच्या मोबाइल-संगणकांसाठी, दुसरे उपकरणांसाठी. दुसऱ्या जाळ्याला बाहेर जाण्याची मनाई असते आणि पहिल्यातून दुसऱ्याकडे जाण्याची मोजकी वाट मोकळी ठेवलेली असते.

गरज कशासाठी

पहिले कारण खासगीपणाचे. निजायच्या खोलीतील तापमान, दार उघडल्याच्या वेळा, पाळण्याजवळच्या कॅमेऱ्याचे चित्रण, या साऱ्यांतून कुटुंबाची दिनचर्या उलगडते. सौदी अरेबियाचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १४ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला आणि त्यासाठी दिलेली एक वर्षाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. कायद्याने संस्थांवर बंधने आली. तरीही जी माहिती घराबाहेर जातच नाही, तिच्या रक्षणासाठी कोणाकडे दाद मागण्याची वेळ येत नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याकरवी २१ ऑक्टोबर रोजी ‘डिन’ या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. मालकांना आपली उपकरणे परक्यांची चाकरी करीत असल्याचा पत्ताही नव्हता.

तिसरे कारण टिकाऊपणाचे. ‘रिव्हॉल्व्ह’ या नियंत्रकाची सेवा मे २०१६ मध्ये बंद झाली आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेले यंत्र निरुपयोगी ठरले. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर अचानक थांबले, तेव्हाही ग्राहकांवर अशीच पाळी आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दानजीक तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या आणि आखातापासून भारतापर्यंत इंटरनेट मंदावले. रियाधच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर असताना वातानुकूलन यंत्राची आज्ञा समुद्राखालच्या तारेवर अवलंबून असावी, यात शहाणपण नाही.

घरात काय लागते

विलग घराचा कणा म्हणजे नियंत्रक संगणक. ‘होम असिस्टंट’ ही २०१३ मध्ये सुरू झालेली मुक्तस्रोत प्रणाली त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही ती चालते.

उपकरणांमधील संदेशांसाठी ‘एमक्यूटीटी’ ही पद्धत रूढ आहे. तिचा उगम तेलउद्योगातच आहे. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी ती तयार केली. कमीत कमी शब्दांत निरोप पोहोचवण्याचा तिचा गुण घरातील लहान सेन्सरनाही मानवला.

वायफायऐवजी ‘झिग्बी’ किंवा ‘झेड-वेव्ह’ या रेडिओ पद्धतींची उपकरणे घेतल्यास विलगता सोपी होते, कारण ती स्वतःहून इंटरनेटवर जाऊच शकत नाहीत. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. झिग्बीची घरगुती उपकरणे सर्वत्र २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. झेड-वेव्हची लहरसंख्या मात्र मुलखागणिक बदलते. भारतात ती ८६५.२, युरोपात ८६८.४, तर अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ आहे. सौदी अरेबिया युरोपीय गटात मोडतो. त्यामुळे सुट्टीत पुण्या-मुंबईहून आणलेले झेड-वेव्ह उपकरण सौदीतील नियंत्रकाशी बोलणार नाही.

कॅमेरा घेताना तो ‘ऑनव्हिफ’ मानक पाळतो का, हे पाहावे. असा कॅमेरा घरातल्याच संगणकावर चित्रण साठवू शकतो. भिंतीवरच्या वातानुकूलन यंत्रासाठी रिमोटचे अवरक्त संकेत पाठवणारे छोटे उपकरण पुरते. यंत्र बदलावे लागत नाही. भाड्याच्या घरात ही सोय मोलाची ठरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मॅटर’ या मानकात घरातल्या घरात नियंत्रण करण्याची तरतूद आहे. मात्र काही उपकरणे पहिल्या जोडणीच्या वेळी इंटरनेट आणि नोंदणी मागतात. खरेदीपूर्वी ही चौकशी करून घ्यावी.

विलगतेची किंमत

पहिली अडचण वेळेची. बहुतेक उपकरणे इंटरनेटवरून घड्याळ जुळवतात. ते बंद झाले की घड्याळ मागेपुढे होते, ठरलेल्या वेळी दिवे लागत नाहीत आणि कॅमेऱ्याच्या चित्रणावर चुकीची वेळ उमटते. जुन्या रास्पबेरी पायमध्ये वीज गेल्यानंतर वेळ राखणारे घड्याळच नसते. त्याला बॅटरीवर चालणारे घड्याळ जोडून त्याच्याकडूनच इतर उपकरणांना वेळ पुरवणे, हा यावरचा उपाय.

दुसरी अडचण मोबाइलची. इंटरनेट नसलेल्या वायफायवर तो फार काळ राहत नाही. आपणहून सिमकार्डच्या जोडणीकडे वळतो आणि घरातील उपकरणे दिसेनाशी होतात. अशा वेळी ‘इंटरनेट नसले तरी जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण दूरत्वाची. उन्हाळी सुट्टीत कुटुंब महिनाभर महाराष्ट्रात गेले की पूर्ण विलग घरातला कॅमेरा तेथून पाहता येत नाही. अंशतः विलग जाळ्यात घराच्या राउटरवर स्वतःचे व्हीपीएन उभारून केवळ नियंत्रकापर्यंत वाट करता येते. पण मोबाइल जाळ्यावरच्या घरगुती इंटरनेटमध्ये अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात, तेव्हा बाहेरून थेट आत शिरता येत नाही. अशा घरांत नियंत्रकाने धूर, पाणीगळती किंवा दार उघडल्याचा निरोप केवळ बाहेर पाठवावा, एवढीच मुभा ठेवणे व्यवहार्य ठरते. आणि विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवलेल्या किल्लीला पर्याय कोणत्याही यंत्रात नाही.

भिंत नव्हे, शिस्त

एकदा अलग केले म्हणजे कायमचे सुरक्षित झाले, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. इराणमधील नतांझचे अणुकेंद्र इंटरनेटपासून तुटलेले होते. तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला ‘स्टक्सनेट’ तेथे पोहोचला. त्याच्या प्रसाराचे एक साधन साधी यूएसबी पट्टी होती.

सौदी अरेबियातही २०१७ मध्ये याचा प्रत्यय आला. एका पेट्रोरसायन कारखान्याच्या सुरक्षा नियंत्रकांत ‘ट्रायटन’ नावाची घातक प्रणाली शिरली. धोका उद्भवताच कारखाना थांबवणे, हे या नियंत्रकांचे काम. हल्लेखोर कार्यालयीन जाळ्यातून नियंत्रणाच्या जाळ्यापर्यंत पोहोचले होते. नियंत्रकावरील किल्ली ‘प्रोग्रॅम’ स्थितीतच राहिल्याने त्यात फेरफार करणे शक्य झाले. हल्लेखोरांच्याच प्रणालीतील चुकीमुळे नियंत्रकांनी कारखाना बंद केला आणि अनर्थ टळला.

घरासाठी यातून निघणारे नियम साधे आहेत. उपकरणाचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. सुधारित आवृत्तीसाठी जाळे उघडले, तर काम होताच ते बंद करावे. पाहुण्यांच्या मोबाइलला उपकरणांच्या जाळ्यात जागा देऊ नये. कोणते उपकरण कशासाठी जोडले आहे, याची वही ठेवावी. जाळे बंद पडले तरी दिवा भिंतीवरच्या बटणाने लागला पाहिजे आणि दार किल्लीने उघडले पाहिजे. पाळण्याजवळचा कॅमेरा, दाराचे कुलूप आणि निजायच्या खोलीतील सेन्सर यांच्यापासून सुरुवात केली, तर घरातील सर्वांत नाजूक माहिती आधी सुरक्षित होते. दिव्यांचा विचार सवडीने करता येतो.