जालन्यातील इंग्रजी आणि तिचे वाक्प्रचार

आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे जालना शहराजवळ हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेची, छावणी पडली. १८६०च्या दशकात स्कॉटिश मिशनचे मराठी पाद्री नारायण शेषाद्री यांनी येथे काम सुरू केले आणि निजाम सरकारने दिलेल्या जमिनीवर बेथेल ही वसाहत वसवली. या मुलखात इंग्रजी अशी फौज आणि मिशन यांच्या मागोमाग आली.

शाळेत मात्र तिची वाट आडवळणाची राहिली. जालन्यासह मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर सर्व विषय उर्दूतून शिकवले जात आणि इंग्रजी सक्तीची असे. मुंबई इलाख्यातल्या विद्यार्थ्याला मोल्सवर्थ (१८३१) व कँडी (१८४७) यांचे कोश आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यांचा थेट आधार होता. मराठवाड्यातल्या मराठी मुलाने इंग्रजी वाक्प्रचार गाठायचा तो बहुधा उर्दू मुहावऱ्याच्या मार्गाने. एका अर्थासाठी त्याला तीन भाषांतून जावे लागे.

खरी अडचण शब्दांपलीकडची होती. ‘कॅरिइंग कोल्स टू न्यूकॅसल’ या वाक्प्रचारातला प्रत्येक शब्द कोशात सापडतो, पण न्यूकॅसल हे कोळशाच्या खाणींचे नि कोळसा बाहेर पाठवण्याचे बंदर होते, हे ठाऊक नसेल तर अर्थ लागत नाही. पण मोसंबी पिकवणाऱ्या जालन्याला मोसंबी नेणे म्हटले की जिथे जे मुबलक तिथे तेच नेण्याचा हा अर्थ येथल्या शेतकऱ्याला लगेच उमगतो. जिथे जगणेच सारखे झाले, तिथे समजावण्याची गरज उरली नाही. १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून जाऊ लागला. रेल्वे रोजच्या जगण्यात आल्याने ‘गाडी रुळावर येणे’, ‘हिरवा कंदील दाखवणे’ हे प्रयोग आज मराठीत कोणालाही परके वाटत नाहीत.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि शाळांतून मराठीला तिचे स्थान मिळाले. इंग्रजी बराच काळ पाचवीपासून शिकवली जाई. २००० साली ती पहिलीपासून सुरू झाली. दरम्यान वृत्तपत्रांच्या भाषांतरकारांनी ‘हिमनगाचे टोक’, ‘शीतयुद्ध’, ‘पांढरा हत्ती’ असे प्रयोग मराठीत रुळवले. त्यामुळे जालना जिल्ह्यातल्या परतूर-अंबडच्या विद्यार्थ्याला मूळ इंग्रजी वाक्प्रचार भेटतो तेव्हा त्यातल्या अनेकांचा अर्थ त्याला आधीच मराठीतून माहीत असतो.