बीम कोण देणार?

सोलापुरात पूर्व भागात आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून चादरींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली आठ यंत्रमाग. त्या खडखडाटाची इतकी सवय झाली होती, की रात्री वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची. मालकांना आम्ही मामा म्हणायचो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मोठ्या शहाणपणानं त्यांना विचारलं, "मामा, एवढी जागा पडून आहे, अजून चार माग का टाकत नाही?"

"टाकतो की. पण त्यांना बीम कोण देणार, तू?"

बीम म्हणजे ताण्याचे शेकडो धागे सारख्या ताणात गुंडाळलेला रूळ. तो मागावर चढल्याशिवाय विणकाम सुरू होत नाही. मामांकडे वार्पिंगचं यंत्र एकच, आणि त्यावर एका वेळी एकच बीम भरायचा. भरून झाला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्या धाग्याला सांधायचा, तेही हातानं. आठ माग एकदम चालू शकतात. बीम मात्र एकापाठोपाठ एकच निघतो. बारा माग झाले असते तर विणकाम वाढलं असतं थोडंसं, आणि बीमची वाट बघत बसलेले माग वाढले असते पुष्कळ.

हेच गणित जीन अ‍ॅम्डाल या आयबीएमच्या इंजिनिअरनं १९६७ साली एका परिषदेत संगणकवाल्यांपुढे मांडलं होतं. तेव्हा अनेक प्रोसेसर जोडून मोठं यंत्र बनवायची चर्चा जोरात होती. अ‍ॅम्डालचं म्हणणं असं, की प्रत्येक प्रोग्रॅममध्ये काही भाग एकापाठोपाठच करावा लागतो आणि शेवटी तोच सगळ्यांना अडवतो. समजा, कामाचा फक्त पाच टक्के भाग असा आहे. ६४ प्रोसेसर लावले तर वेग ६४ पट होईल असं वाटतं. प्रत्यक्षात होतो साधारण १५ पट. प्रोसेसर अगणित लावले तरी २० पटीच्या पुढे जाता येत नाही.

६४ हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवर, पुण्यात, १९९१ साली जे यंत्र जगापुढे आलं, त्यात ६४ प्रोसेसर होते. त्याचं नाव परम ८०००.

परमची गोष्ट तुम्हाला फॉरवर्डमध्ये आलेली असेल. अमेरिकेनं सुपरकॉम्प्युटर नाकारला, मग आपल्या लोकांनी तीन वर्षांत स्वतःचा बनवून दाखवला, अमेरिका थक्क. गोष्ट खोटी नाही, पण तिच्यातला सगळ्यात अवघड भाग गाळलेला असतो. हवामानाच्या अंदाजासाठी आपल्याला क्रे कंपनीचं यंत्र हवं होतं. बऱ्याच वाटाघाटींनंतर अमेरिकेनं दिलं ते क्रे एक्स-एमपी/१४, मागितलं होतं त्याहून कमी ताकदीचं. नावातला १ म्हणजे एक प्रोसेसर. पण तो एकच प्रोसेसर सेकंदाला वीस कोटींहून जास्त गणितं करू शकायचा.

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, पैसे सुमारे ३० कोटी, लक्ष्य सेकंदाला १०० कोटी गणितांचं. क्रेसारखा एकच प्रचंड प्रोसेसर बनवायला लागणारी चिप आणि ती थंड ठेवायची यंत्रणा आपल्याकडे नव्हती, आणि कोणी देणारही नव्हतं. बाजारात मिळत होता तो ट्रान्सप्युटर. ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप सेकंदाला पंधरा लाखांच्या आसपास गणितं करायची. क्रेपुढे ती अगदीच किरकोळ, पण तिला चार जोडण्या होत्या, त्यांतून ती शेजारच्या चिपशी थेट बोलू शकायची. तेव्हा मोठी आणता येत नाही तर लहान पुष्कळ आणा. 'परम' हे नाव तसं दुहेरी आहे: संस्कृतात सर्वश्रेष्ठ, आणि इंग्रजीत 'पॅरलल मशीन'चं लघुरूप.

क्रे कंपनीचे संस्थापक सेमूर क्रे यांच्या नावावर एक सवाल सांगितला जातो: शेत नांगरायला दोन दणकट बैल घ्याल की १०२४ कोंबड्या? बैल असणाऱ्यानं असं विचारणं सोपं आहे. आपल्याकडे बैल नव्हता, कोंबड्या होत्या, आणि त्यांना नांगराला जुंपायचं होतं.

हे जुंपणं म्हणजे सॉफ्टवेअर, आणि खरी अडचण इथे सुरू झाली. ट्रान्सप्युटरांची मेमरी सामाईक नव्हती, प्रत्येकाची आपापली. एकाकडची संख्या दुसऱ्याला हवी असेल तर निरोप धाडायचा आणि उत्तराची वाट बघायची. शास्त्रज्ञांचे वर्षानुवर्षं जपलेले फोरट्रान प्रोग्रॅम एका प्रोसेसरसाठी लिहिलेले होते. ते परमवर नुसते आणून ठेवले असते तर एक ट्रान्सप्युटर राबला असता आणि ६३ बघत बसले असते. म्हणून सी-डॅकला यंत्रासोबत 'परस' नावाची प्रोग्रॅमिंगची व्यवस्थाही उभी करावी लागली. तरीही कामाची वाटणी माणसालाच डोकं लावून करायची होती.

त्यातही हवामान म्हणजे वाटणीला फार वाईट गिऱ्हाईक. वरवर वाटतं, नकाशाचे चौकोन पाडा, एकेक चौकोन एकेका प्रोसेसरला द्या, कडेकडेची माहिती शेजाऱ्याला कळवली की झालं. काही मॉडेलं अशी चालतात. पण त्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय हवामान अंदाज केंद्रात वापरात असलेलं टी-८० हे मॉडेल 'स्पेक्ट्रल' होतं. म्हणजे पृथ्वीभरच्या वातावरणाचं ते लाटांमध्ये रूपांतर करतं, गणित करतं, पुन्हा नकाशावर आणतं, आणि हे प्रत्येक पावलाला. एका लाटेत सगळ्या जगाची माहिती गुंतलेली असते, त्यामुळे प्रत्येक प्रोसेसरला बाकी सगळ्यांशी बोलावं लागतं. प्रोसेसर वाढवले की प्रत्येकाचं गणित कमी होतं आणि बोलणं वाढत जातं. (ऑफिसच्या मीटिंगांचंही असंच होतं, पण तो वेगळा लेख.) बंगळुरूचं फ्लोसॉल्व्हर, भाभा अणुसंशोधन केंद्राचं अनुपम आणि पुण्याचं परम, या तिन्हींवर या मॉडेलची वाटणी करण्यात लोकांनी आपली उमेदीची वर्षं घातली. त्या कामाचे फॉरवर्ड येत नाहीत.

मग अ‍ॅम्डाल बरोबर आणि परमचा मार्ग चुकीचा? तसं मला वाटत नाही. सी-डॅक सुरू झाली त्याच १९८८ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत जॉन गस्टाफसन आणि सहकाऱ्यांनी १०२४ प्रोसेसरच्या यंत्रावर काही वैज्ञानिक प्रोग्रॅम हजार पटींहून जास्त वेगानं चालवून दाखवले. (बरोबर १०२४. कोंबड्यांनी नांगर ओढला.) गस्टाफसनचा मुद्दा साधा होता: मोठं यंत्र हाती आलं की माणूस जुनंच काम लवकर उरकत नाही, तो आणखी मोठं काम काढतो. आणि काम मोठं झालं की वाटता येण्याजोगा भाग वाढतो, एकट्यानं करायचा भाग साधारण तेवढाच राहतो. मामांच्या भाषेत, बीमवरचा ताणा दहापट लांब असेल तर सांधायची पाळी क्वचित येते आणि माग चालत राहतात.

पुढचा काळ कोंबड्यांचाच आला. २००७ साली पुण्यातच टाटांच्या सीआरएलमध्ये उभारलेला 'एका' हा सुपरकॉम्प्युटर जागतिक यादीत चौथा आला, तो हजारो प्रोसेसर एकत्र जोडून. घरच्या संगणकांवरही तीच वेळ आली होती. चिपचा वेग वाढवत नेला की ती तापते, आणि ते तापणं हाताबाहेर गेलं तेव्हा २००४ मध्ये इंटेलनं चार गिगाहर्ट्‌झचा पेंटियम ४ बाजारात आणायचा बेत सोडून दिला. पुढच्या वर्षी दोन कोअरच्या चिपा आल्या. तोवर प्रोग्रॅमरला काही न करता फायदा मिळायचा: नवा संगणक घ्या, जुनं सॉफ्टवेअर आपोआप पळतं. ते दिवस संपले. सी-डॅकच्या लोकांना १९८८ मध्ये नाइलाजानं जो प्रश्न सोडवावा लागला, तो वीसेक वर्षांत सगळ्यांच्याच गळ्यात पडला.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये बहुधा आठ कोअर आहेत, काही जोरकस, काही बॅटरी वाचवणारे. हा लेख वाचताना त्यांतले बहुतेक झोपलेले आहेत. बोटानं स्क्रीन सरकवता तेव्हा ती हालचाल सांभाळायचं मुख्य काम एकाच धाग्यावर चालतं. इंग्रजीत त्याला थ्रेडच म्हणतात, म्हणजे धागा. विणकरांच्या गावातून आलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द शिकावा लागला नाही. व्हिडिओ आणि फोटोंचं काम मात्र छान वाटलं जातं, कारण चित्राच्या एका कोपऱ्याचं दुसऱ्यावाचून बरंच भागतं.

हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत सूत्रही लिहून आलो होतो. तरी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझी फजिती झालीच. एका ग्राहकाच्या सगळ्या शाखांचा हिशेब रात्री करणारा माझा प्रोग्रॅम चार कोअरवर पाऊण तास घ्यायचा. मी हट्टानं सोळा कोअरचा सर्व्हर मागून घेतला. पहिल्या रात्री तासाहून जास्त वेळ लागला. सकाळी शोधलं तर सोळाही धागे एकाच तक्त्यात नोंद करायला रांगेत उभे होते, आणि प्रत्येक जण नोंद करताना दाराला कुलूप लावत होता. बहुतेक वेळ कुलूप उघडण्याची वाट बघण्यात जात होता. सर्व्हर मागताना वरिष्ठांना मी काय काय सांगितलं होतं, ते आता आठवायला नको वाटतं.

मग वाटणी बदलली. प्रत्येक धाग्याला आपापला तक्ता दिला, शाखा वाटून दिल्या, आणि सगळ्यांचं आटोपल्यावर एकदाच बेरीज. आता चौदा-पंधरा मिनिटांत होतं. त्यातली शेवटची दोन मिनिटं बेरजेची. ती एकच कोअर करतो. बाकीचे पंधरा तेवढा वेळ बसून असतात.